मऊ भाताची बाजू



'मोकळा भात' या दोन शब्दांबद्दल माझी तक्रार आहे.

आपल्याकडे भात जमला की बिघडला हे ठरवायची एकच परीक्षा आहे. शीत शितापासून सुटं आहे का? सुटं असेल तर पास. शितं एकमेकांना धरून बसली असतील तर 'लगदा झाला', 'खळ झाली', 'पोस्टर चिकटवायला घ्या' असे शेरे मारून नापास. एटीकेटीसुद्धा नाही! लग्नाच्या पंगतीत, हॉटेलात, टीव्हीवरच्या तांदळाच्या जाहिरातीत, सगळीकडे हाच न्याय. जाहिरातीत झारा वर उचलला जातो आणि लांबसडक दाणे एकेक करून खाली पडतात. आपण लहानपणापासून तेच बघत आलो आणि आपल्याला वाटायला लागलं की भात असाच असायला हवा.

माझं म्हणणं सरळ आहे. मऊ भात म्हणजे बिघडलेला मोकळा भात नव्हे. तो वेगळा पदार्थ आहे. त्याला वेगळा तांदूळ लागतो, वेगळं पाणी लागतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी उभं राहणारं माणूस लागतं. त्या तांदळापैकी काही फार चांगला तांदूळ आपल्याच जिल्ह्यात पिकतो. तरी आपल्या ताटात तो नाही. का नाही, आणि असायला हवा की नको, एवढंच या लेखात मांडायचं आहे.

आधी नावं बघा. गुरगुट्या भात, आसट भात, आटवल, मऊ भात, पातळ खिचडी, आणि अगदीच पातळ झाली की पेज. एवढी नावं ज्या पदार्थाला आहेत तो चुकून झालेला पदार्थ असेल का? कुणी तरी मुद्दाम करत होतं, आवडीने खात होतं, म्हणून तर घरोघरी नाव पडलं. त्यावर मेतकूट, वरून साजूक तूप, बाजूला लिंबाचं लोणचं आणि भाजलेला पापड. ज्यांच्या घरी हे होतं त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या घरी होत नाही त्यांनी रूममेटच्या घरी जाऊन खात्री करून घ्यावी.

आता गंमत बघा. हाच प्रकार इटलीहून आला की आपण त्याला 'रिसोतो' म्हणतो, त्याच्यासाठी पुण्यात चारशे-पाचशे रुपये मोजतो आणि आधी फोटो काढतो. रिसोतो म्हणजे काय? उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात भातशेती आहे. तिथला आखूड, जाड दाण्याचा तांदूळ लोण्यावर परततात. त्यात थोडी वाइन, मग उकळता रस्सा पळी पळीने घालत ढवळत राहतात. अठरा-वीस मिनिटांनी खाली उतरवून लोणी आणि किसलेलं चीज घालून पुन्हा जोरात घोटतात. झाला रिसोतो. मिलानमध्ये त्यात केशर घालतात. ताटली हलवली की भाताने लाटेसारखं सरकलं पाहिजे, ही तिथली परीक्षा. म्हणजे आपण ज्या गोष्टीसाठी भाताला नापास करतो, त्याच गोष्टीसाठी ते त्याला पहिला नंबर देतात!

आणि हे काही तिथलं राजेशाही जेवण नाही. ते घरचं जेवण आहे. थंडीच्या दिवसांत एक पातेलं चुलीवर, सगळे टेबलाभोवती, आणि ज्याने ढवळलं त्याने हाक मारली की लगेच बसायचं, कारण रिसोतो थांबत नाही. थांबला की आळतो. आपली म्हण आहे ना, भात शिजेपर्यंत दम निघतो पण निवेपर्यंत निघत नाही. ही म्हण इटलीतल्या कुणाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. नाहीतर मॅगझिनचे संपादक म्हणतील, लेख चुकून दुसऱ्या कॉलेजचा आला.

तांदळात मुख्यतः स्टार्च असतो. त्याचे दोन प्रकार. अमायलोज म्हणजे सरळ साखळी आणि अमायलोपेक्टिन म्हणजे फांद्या फुटलेली साखळी. पाणी साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसला पोचलं की स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. ज्या तांदळात अमायलोज जास्त, तो शिजल्यावर सुटा राहतो आणि गार झाला की कडक होतो. आपला रात्री साडेनऊचा मेसमधला भात आठवा! ज्यात अमायलोपेक्टिनचं प्रमाण जास्त, तो मऊ आणि चिकट होतो. रिसोतोचा आर्बोरियो हा तांदूळ या दुसऱ्या बाजूला झुकणारा. आपले आंबेमोहोर आणि इंद्रायणीही शिजल्यावर मऊ, चिकटसर होतात.

मग ढवळायचं कशाला? कारण कमी पाण्यात ढवळलं की दाणे एकमेकांवर घासतात. त्यांच्या पृष्ठभागावरचा स्टार्च सुटून पाण्यात उतरतो आणि पाणी दाट होतं. रिसोतोचा तो 'क्रीमी'पणा क्रीमचा नाही, तांदळाचा स्वतःचाच आहे. म्हणून इटलीत रिसोतोचा तांदूळ धूत नाहीत. आणि रस्सा गरम का? गार पाणी घातलं की पातेल्याचं तापमान धाडकन उतरतं आणि शिजणं मध्येच अडतं. उलट मोकळा भात करताना आपण काय करतो? तांदूळ चार पाण्यांतून धुतो, भरपूर पाण्यात उकळतो आणि वरचं पाणी ओतून देतो. म्हणजे जो स्टार्च इथे हवा असतो, तोच तिथे गटारात जातो. नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा होतो, हे आपल्या आज्यांना कोणत्याही लॅबशिवाय माहीत होतं. म्हणून पंगतीला जुना तांदूळ आणि घरात गुरगुट्याला नवा.

इथपर्यंत सगळं पुस्तकातलं. पण मऊ भाताने माणसाला बरं का वाटतं, याचं उत्तर मला फक्त स्टार्चमध्ये सापडत नाही.

माणूस पहिलं अन्न कोणतं खातो? उष्टावणाला मऊ भात किंवा खीर. ताप आला की काय? मऊ भात. परीक्षेच्या टेन्शनने पोट बिघडलं की? मऊ भात, वर ताक. आजोबांचे दात गेले की? पुन्हा मऊ भात. म्हणजे आयुष्याच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक खड्ड्यात हा भात हजर आहे. प्रत्येक वेळी तो कुणी तरी कुणासाठी तरी केलेला असतो. मोकळा भात कुकरला लावून निघून जाता येतं, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. पातेल्यातला गुरगुट्या भात असा होत नाही. तो खाली लागतो. त्याच्याजवळ उभं राहावं लागतं, पाणी बघावं लागतं, पळी फिरवावी लागते. पंचवीस-तीस मिनिटं एक माणूस आपल्यासाठी उभं होतं, हे जिभेला कळत नसेल कदाचित, पण आपल्याला कळतं. हॉस्टेलला आल्यावर तर फारच कळतं.

आणि म्हणूनच मला एक गोष्ट खटकते. हॉस्टेलमध्ये कुणाला ताप आला की रूममेट मेसमधून ताट झाकून आणतो. त्यात काय असतं? तोच सुटा, कोरडा भात, तीच तिखट आमटी. आजारी पोरगा दोन घास खातो आणि ताट पलंगाखाली सरकवतो. मग रात्री मोबाइलवरून काही तरी मागवतो, जे त्याच्या पोटाला आणखी नको असतं. चार वर्षं आपण इथे राहतो. या चार वर्षांत प्रत्येकाला निदान चार-पाचदा तरी मऊ भाताची गरज पडते आणि त्या चार-पाच वेळा तो मिळत नाही. हा प्रश्न छोटा वाटतो. पण पहिल्या सेमिस्टरला, घरापासून पहिल्यांदाच लांब आलेल्या पोराला १०२ ताप असताना तो छोटा वाटत नाही.

आता तांदळाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

आपला जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे काय येतं? ऊस, साखर कारखाने, ज्वारी-बाजरी, आणि पूर्वेला पाथर्डी, जामखेडकडचा दुष्काळ. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण बाहेरच्या माणसाच्या मनातलं हे चित्र काही बदललं नाही. भात म्हटलं की लोकांना कोकण आठवतं, मावळ आठवतं, फार तर भंडारा-गोंदिया. पण आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तिथे कळसूबाई आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिथे घाटघर आहे, ज्याला आपल्याकडे नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथे भंडारदरा आहे. ट्रेकला आणि काजवे बघायला आपल्यातले निम्मे जण जाऊन आलेत. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या खाचरांचे फोटो काढले, ती भाताची खाचरं होती हे किती जणांच्या लक्षात आलं?

या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची शेती आहे. पावसाच्या आधी राब भाजतात, रोप टाकतात, आणि पाऊस लागला की आवणी. म्हणजे गुडघाभर चिखलात वाकून एकेक रोप लावायचं, डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा घोंगता, वरून पाऊस थांबायचं नाव नाही. हे काम मुख्यतः बायका करतात. इटलीतही नेमकं हेच होतं. पो खोऱ्यातल्या भातखाचरांत वाकून लावणी-निंदणी करणाऱ्या बायकांना तिथे 'मोन्दीने' म्हणत. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आठ तासांच्या दिवसासाठी संप केले आणि त्यांच्यावर १९४९ साली 'रिझो आमारो', म्हणजे 'कडू तांदूळ', नावाचा सिनेमा निघाला. मऊ भात जगात कुठेही करा, त्याच्या मागे कुणाची तरी वाकलेली पाठ आहे.

अकोल्यात पिकतं काय? काळभात, जिरवेल, रायभोग, आंबेमोहोर यांसारखे जुने वाण, आणि नव्यांपैकी इंद्रायणी. काळभाताची साळ काळी आणि आतला तांदूळ पांढरा, सुवासिक. आंबेमोहोर शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो म्हणून ते नाव. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला वाण. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो झाला, म्हणजे एकाचा सुवास आणि दुसऱ्याचं उत्पन्न. एका अर्थाने तो आपल्यासारख्या इंजिनिअर लोकांना आवडेल असा तांदूळ आहे, चांगलं 'ऑप्टिमायझेशन'!

जुन्या वाणांची अडचण अशी की उत्पन्न कमी, पीक उंच वाढून वाऱ्यापावसात लोळतं आणि गिऱ्हाईक नाही. मग शेतकरी ते सोडून देतो. त्याला दोष देता येत नाही, त्यालाही मुलांच्या फिया भरायच्या असतात. एकदा घरातलं बियाणं संपलं की ते दुकानात मिळत नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या मदतीने गावठी वाणांची बीजबँक उभी केली. शाळेत न गेलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांच्यावर निबंध लिहिले, प्रश्नमंजूषेत त्यांचं नाव टिक केलं. छान केलं. पण बी बँकेत राहून वाचतं ते थोडं, शेतात उतरून वाचतं ते जास्त. आणि शेतात ते तेव्हाच उतरतं जेव्हा कुणी तरी ते विकत घेऊन खातं. टाळ्या वाजवून वाण टिकत नाही, ताटात घेतल्याने टिकतो.

इटलीत आर्बोरियो हे एका गावाचं नाव आहे. त्या गावाच्या नावाने तांदूळ जगभर विकला जातो. आपल्याकडेही मुळशीच्या आंबेमोहोराला आणि आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं. अकोल्याच्या तांदळाचं काय? पावसाळी सहलीला गेलेले लोक दोन-पाच किलो पिशवीत घेऊन येतात, बाकीचा सुटा विकला जातो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, आणि तेव्हापासून प्रवरेचं पाणी डोंगरातून उतरून संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवाशापर्यंत जातं. खालचा ऊस त्या पाण्यावर मोठा झाला. म्हणजे वरच्या डोंगराचं पाणी आपल्या जिल्ह्याला बरोबर माहीत आहे, त्याच डोंगराचा तांदूळ मात्र माहीत नाही! पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आता विरुद्ध बाजू. ती ऐकलीच पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती हवा.

आमच्या मेसच्या काकांना मी विचारलं, काका, मऊ भात का करत नाही? ते म्हणाले, "बाळा, केला तर तुम्हीच म्हणाल, काका आज पाणी जास्त झालं. आणि तीनशे पोरांचं पातेलं खाली लागलं तर घासायला कोण येणार, तू?"

काकांचे दोन्ही मुद्दे रास्त आहेत. दुसरा तर निव्वळ हीट ट्रान्सफरचा आहे. मोकळ्या भाताच्या पातेल्यात भरपूर सुटं पाणी असतं. ते स्वतःच वरखाली फिरतं आणि उष्णता वाटत राहतं. मऊ भात जसजसा दाट होतो तसतसं हे फिरणं मंदावतं आणि तळाशी उष्णता अडकते. शिवाय पातेलं मोठं केलं की आतला भात घनाच्या हिशोबाने वाढतो, तळ मात्र वर्गाच्याच हिशोबाने. म्हणून घरचं तीन माणसांचं पातेलं नुसतं शंभरपट केलं तर चालत नाही. उपाय आहेत. एका अजस्र पातेल्याऐवजी तीन मध्यम पातेली. जाड बूड. शेवटची दहा मिनिटं मंद आच आणि लांब दांड्याचा कालथा. जिथे वाफेवर भात शिजतो तिथे तर तळाला लागायचा प्रश्नच फारसा उरत नाही. मेकॅनिकलवाल्यांनो, फायनल इयर प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून रडता ना? हा घ्या. स्वतः ढवळणारं पातेलं करा. मेसमधले काका आणि मावशी तुम्हाला जन्मभर दुवा देतील.

तिसरा मुद्दा पैशांचा. सुवासिक तांदूळ महाग पडतो, हे खरं. पण हिशोब करून बघू. मऊ भाताला माणशी साधारण ५० ग्रॅम तांदूळ पुरतो, कारण ताटात पाण्याचं प्रमाण जास्त असतं आणि सोबत मुगाची डाळ असते. शंभर ताटांना ५ किलो. आता गृहीत धरा की चांगला तांदूळ नेहमीच्यापेक्षा किलोमागे ४० रुपयांनी महाग आहे. जास्तीचा खर्च २०० रुपये, म्हणजे ताटामागे २ रुपये. आठवड्यातून एकदा म्हटलं तर महिन्याला ८ ते १० रुपये. आपल्या कॅन्टीनमध्ये एवढ्यात एक कटिंग येतो. किलोमागचा फरक ६० रुपये धरला तरी ताटामागे तीनच रुपये होतात. मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये 'बजेट नाही' असं कुणी म्हणालं तर हा हिशोब पुढे ठेवा.

चौथा मुद्दा तब्येतीचा, आणि तो स्टाफमधल्या वडीलधाऱ्यांसाठी. मऊ शिजलेल्या भाताने रक्तातली साखर लवकर वाढते. डायबेटिस असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ताट भरावं. मऊ भात हे औषध आहे असं मी कुठेही म्हणत नाही. तो जेवण आहे, इतकंच म्हणतो. आणि मऊ भात तासन्तास कोमट ठेवून किंवा उरलेला दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करून वाढायचा नाही. असा बाहेर राहिलेल्या भाताने पोट बिघडू शकतं. ताजा करावा, ताजा संपवावा.

आता कृती. या लेखातून एवढंच घेतलंत तरी पुरे.

तीन माणसांसाठी एक वाटी आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, नवा मिळाला तर उत्तम. पाव वाटी मुगाची डाळ. दोन्ही एकत्र एकाच पाण्यातून धुवा, हलक्या हाताने, चोळू नका. दुसऱ्या भांड्यात सहा वाट्या पाणी उकळत ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात एक चमचा तूप, चिमूटभर जिरं, हिंग. त्यावर तांदूळ आणि डाळ दोन मिनिटं परता, वास सुटेपर्यंत. मग दोन वाट्या उकळतं पाणी, हळद, मीठ. पाणी आटत आलं की पुढची वाटी. मध्ये मध्ये ढवळत राहा, तळापासून. पंचवीस-तीस मिनिटांत दाणा बोटाने सहज मोडतो आणि सगळं मिळून येतं. आच बंद करताना भात तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळच असू द्या, तो ताटात आळतो. झाकण ठेवून पाच मिनिटं दम काढा. मग राहिलेला एक चमचा तूप घालून जोरात घोटा. इटलीवाले शेवटी लोणी घालून जे करतात, ते हेच. वाढताना वर मेतकूट. तिकडे वाइनचा आंबटपणा असतो, आपल्याकडे लिंबाचं लोणचं किंवा ताक आहे. तिकडे चीज आहे, आपल्याकडे भाजलेला पापड आणि तूप आहे. कुठेही कमी पडत नाही.

हॉस्टेलच्या रूममध्ये शेगडी लावून हे करू नका. नियमही आहे आणि वायरिंगही जुनं आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांनी यावर जास्त बोलू नये.

करायचं कुठे, तर घरी. आणि इथेच माझा शेवटचा मुद्दा आहे. तो विशेषकरून आपल्या मुलांच्या हॉस्टेलसाठी.

आपण सगळे सुट्टीत घरी गेलो की काय करतो? बॅग टाकतो आणि विचारतो, "आई, जेवायला काय आहे?" मऊ भाताची आठवण काढून आपण हळवे होतो, पण तो खाण्याच्या बाजूनेच. पातेल्याजवळची ती पंचवीस-तीस मिनिटं नेहमी दुसऱ्या कुणाची असतात. बहुतेक घरांत एकाच व्यक्तीची, आणि तिला ताप येतो तेव्हा तिच्यासाठी पातेल्याजवळ कुणी उभं राहत नाही. तीच उठते, स्वतःसाठी चार घास भात टाकते, नाहीतर तसाच चहा-बिस्किट खाऊन दिवस काढते. ज्या पदार्थाने आपल्याला 'कुणी तरी आहे' असं वाटतं, तो पदार्थ ज्या माणसाने आयुष्यभर केला त्याला तो कधीच आयता मिळालेला नसतो. बीईला पोचलेल्या, थर्मोडायनॅमिक्स पास झालेल्या माणसाला पातेल्यात पाणी किती घालायचं ते येत नसेल तर डिग्रीच्या जोडीला ही एक केटी आपल्या नावावर आहे असं समजावं.

दिवाळीच्या सुमारास अकोल्याचा नवा भात झोडून होतो आणि नवा तांदूळ यायला लागतो. राजूर किंवा अकोल्याकडचे मित्र आपल्या प्रत्येक वर्गात एक-दोन तरी आहेत. त्यांना सांगा, येताना पाच किलो घेऊन ये, रीतसर पैसे देऊन. सुट्टीत एका संध्याकाळी आईला सांगा, आज तू बस. लहान भावाला मेतकूट शोधायला लावा, बाबांना पापड भाजायला. ढवळायला पाळ्या लावा. घरातलं प्रत्येक जण पाच मिनिटं पातेल्याजवळ उभं राहिलं की भात होतो. पहिल्यांदा थोडा खाली लागेल. लागू दे. खरवड खाणाराही घरात कुणी तरी असतोच.

आणि मेस कमिटीकडे फक्त दोन मागण्या. एक, कुणी आजारी असेल तर आदल्या जेवणाच्या वेळी नाव सांगितल्यावर त्याच्यासाठी छोट्या पातेल्यात मऊ भात मिळावा. दोन-चार जणांचा भात, मावशींना फार जड जाणार नाही. दोन, आठवड्यातून एका रात्री, समजा रविवारी, जेव्हा अर्धी मेस रिकामी असते आणि उरलेल्यांना घरची सगळ्यात जास्त आठवण येते, तेव्हा सगळ्यांना गुरगुट्या भात, मेतकूट, ताक, पापड. तांदूळ अकोल्याचा. एक महिना करून बघा. पोरांनी नाकं मुरडली तर बंद करा, मी पुन्हा लेख लिहिणार नाही.

पातेली घासायचं म्हणाल तर काका, पहिल्या रविवारी मी येतो. आणखी तीन जण माझ्याबरोबर आणतो.

बघा, पटतंय का!